अंडी मोजली, मादीचं काय?

‘सापाला कसला आलाय डॉक्टर? ते त्याचं मोकळं होतं.’ श्रीगोंदा तालुक्यात साप पकडणाऱ्या पोरांच्या तोंडी हे वाक्य इतक्या सहज येतं की ऐकणाऱ्याला ते अनुभवाचे बोल वाटतात. दर उन्हाळ्याच्या अखेरीस त्याला पुरावाही मिळतो. उसाच्या फडात, विहिरीच्या कपारीत नाहीतर गोठ्यातल्या कडब्यात सापडलेली धामण किंवा नागीण कुणीतरी घरी नेऊन ठेवतं. चार दिवसांनी बरणीत अंडी दिसतात. मग मोबाईलच्या स्टेटसपासून वर्तमानपत्राच्या आतल्या पानापर्यंत एकच मथळा फिरतो, सर्पमित्राच्या घरी नागिणीने घातली अंडी. फोटोत अंडी असतात, सर्पमित्र असतो, कधी गावचे सरपंचही असतात. मादी नसते. दोन महिन्यांनी पिल्लं निघाल्याची दुसरी बातमी येते, तिच्यातही मादीचा पत्ता नसतो.

माझं भांडण या बातमीशी आणि तिच्यामागच्या समजुतींशी आहे. रात्री दोन वाजता काष्टीला किंवा पेडगावला पदरचं पेट्रोल घालून जाणाऱ्या पोरांशी नाही. ती नसती तर कित्येक साप काठीखाली गेले असते, हे मान्य करूनच पुढचं लिहितो. पण बरणीत अंडी निघाली म्हणजे सगळं नीट पार पडलं, हे मला मान्य नाही. ती मादी वेळेवर सोडली नव्हती, एवढंच त्या फोटोतून सिद्ध होतं.

आधी कायद्याचं उरकून घेऊ, कारण तिथे वाद घालायला फारशी जागा नाही. नाग, धामण, घोणस, दिवड, अजगर हे सगळे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. ते पाळता येत नाहीत, ‘चार दिवस ठेवले’ असंही म्हणता येत नाही. या कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत जनावर पकडणं तर येतंच, शिवाय सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं, अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणं हेही येतं. कलम 39 प्रमाणे वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता आहे आणि ती कुणाच्या ताब्यात आली तर 48 तासांच्या आत पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावं लागतं. हा 48 तासांचा आकडा ध्यानात ठेवा, पुढे दवाखान्यातही तोच भेटणार आहे.

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये काचेच्या पेटीत ठेवलेला आफ्रिकेतला बॉल पायथन हे प्रकरण वेगळं. त्याची नोंद 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, पिल्लं झाली तर तीही कळवावी लागतात. हे शौक चांगले की वाईट, हा आजचा विषय नाही. एवढं मात्र खरं की सापाच्या पोटात अंडी अडतात म्हणजे नेमकं काय होतं, याबद्दल पशुवैद्यकांना जे कळलं आहे ते बहुतांशी अशा पेटीतल्या आणि प्राणिसंग्रहालयांतल्या सापांवरून. का, ते पुढे येईलच.

बरणीवाल्यांचा पहिला युक्तिवाद असा: रानात अंडी मुंगूस खातं, घोरपड खाते, नांगराच्या फाळाखाली जातात, आम्ही ती वाचवतो. ऐकायला गोड आहे. पण नागीण एकावेळी 10 ते 30 अंडी घालते ती एवढ्याचसाठी की त्यातली बरीचशी जाणार असतात. मुंगसालाही पोट आहे. हिशोबच मांडायचा तर पूर्ण वाढ झालेली, वयात आलेली, पुढची कित्येक वर्षं अंडी देऊ शकणारी मादी ही त्या सगळ्या मामल्यातली सगळ्यात मोलाची चीज आहे. वाचवण्याच्या नावाखाली नेमकी तिचीच जोखीम घेतली जाते.

ती कशी, हे समजायला बरणीकडे जरा जवळून बघावं लागेल. पाच लिटरची पारदर्शक प्लास्टिकची बरणी, आधी फरसाणाची असलेली. झाकणाला तापलेल्या खिळ्याने भोकं पाडलेली; खिळा जिथून आत घुसला तिथे वितळलेल्या प्लास्टिकची टोकं आतल्या बाजूला राहिलेली. बाहेरची वाट शोधत साप त्यावर नाक घासत राहतो आणि नाकावरची खवली सोलवटतात. तळाला वर्तमानपत्राची घडी. पाणी ठेवलेलं असलं तर सांडलेलं, बऱ्याचदा ठेवलेलंच नसतं. बरणी टीव्हीशेजारी, म्हणजे शेजारपाजारच्या पोरांना बघता येईल अशी. वर मे महिन्यातला पत्रा. सहा फुटी धामण त्यात स्वतःवरच वेटोळी घालून बसते, अंग सरळ करायला वीतभर जागा नाही.

अंड्यावर आलेली मादी काय शोधत असते? उंदराचं जुनं बीळ, वारुळाचा पोकळ भाग, पाचटाच्या ढिगाखालची दमट जागा. अंधार, ओल आणि बेताची ऊब. सापाच्या अंड्याचं कवच कोंबडीच्या अंड्यासारखं टणक नसतं, चामड्यासारखं मऊ असतं. कोरड्या जागी ते सुकून आक्रसतं, म्हणून जागा मनासारखी मिळेपर्यंत मादी अंडी धरून ठेवते. बरणीत ती जागा कधीच मिळत नाही. इकडे अंगातलं पाणी कमी होत जातं, हालचाल नसल्यामुळे स्नायू शिथिल पडतात, भीती असतेच. धरून ठेवलेली अंडी जसजशी सुकतात तसतशी अंडवाहिनीच्या भिंतीला चिकटतात. मग मादीने कितीही जोर लावला तरी ती सरकत नाहीत. अडलेल्या अंड्यांपाठोपाठ जंतुसंसर्ग आणि अंडवाहिनी फाटण्याचा धोका येतो.

कारणं आणखीही आहेत. एखादं अंडं वेडंवाकडं किंवा फार मोठं असतं, कधी दोन अंडी एकदम तोंडाशी येतात, कधी अंडवाहिनीत आधीपासूनच आजार असतो. शेततळ्याच्या किंवा कुंपणाच्या नायलॉन जाळीत अडकून अंगात रुतलेली जखम, काठीचा जुना मार, पकडताना चिमट्याने दाबलेलं पोट. ही शेवटची दोन-तीन आपल्या तालुक्यात नवलाची नाहीत. पण पेटीतल्या सापांवर काम करणारे पशुवैद्य सर्वांत आधी विचारतात ते हेच: जागा कशी होती, ऊब किती होती, पाणी होतं का, अंडी घालायला आडोसा होता का? या चारही प्रश्नांना बरणीकडे एकच उत्तर आहे.

इथेच ‘अहो, नागीण आपलीच अंडी खाते, म्हणून तिला बाजूला काढतो’ असं सांगणारे भेटतात. नागीण अंड्यांजवळ थांबून राहते अशा नोंदी आहेत. अजगराची मादी तर अंड्यांना विळखा घालून महिना-दोन महिने बसते आणि अंग आखडून-सोडून त्यांना ऊब देते. आई अंडी गिळते ही गोष्ट पारावरच राहू द्यावी. आणि बाजूला काढलेल्या अंड्यांचं आपण काय करतो? फोटोसाठी ओंजळीत घेतो, उलटीपालटी करतो. अंडं घातल्यावर साधारण एका दिवसात आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो, त्यानंतर अंडं उलटलं तर गर्भ मरू शकतो. जेसीबीने बांध फोडताना अंडी उघडी पडली आणि हलवण्यावाचून गत्यंतरच नसलं, तर वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करून तीच बाजू वर ठेवून उचलायची आणि वनखात्याला कळवायचं. पेनाने किंवा मार्करने नाही, पेन्सिलीने.

दुसरा युक्तिवाद तर मी सुरुवातीलाच सांगितला: निसर्ग बघून घेतो. रानात बघून घेतो, यात मला शंका नाही. अंडी अडण्याचा त्रास मोकळ्या सापांत क्वचित आढळतो आणि बंदिस्त सापांत वारंवार, म्हणूनच त्याबद्दलचं ज्ञान पेट्यांतून आलं. पण बरणी निसर्गाने केलेली नाही. बरणीत ठेवायचं आपण आणि जबाबदारी टाकायची निसर्गावर, हा कुठला न्याय? ‘आम्ही सोडलेली एकही मादी मेली नाही’ हे विधानही असंच. दहापैकी सात अंडी बाहेर आली, तीन आत राहिली, पोरांनी मादीला कालव्याकडेच्या झाडीत सोडलं आणि आठ दिवसांनी ती उसात मेली, तर ते कुणाला कळणार? सोडल्यावर पुन्हा कोणी बघत नाही, म्हणून मेल्याचं दिसत नाही.

बघायचं काय असतं, ते तरी सांगणं माझं काम आहे. अंड्यावर आलेली मादी खाणं सोडते, त्यात आजार नाही. अंडी घालेपर्यंत ते चालायचंच. अंडी घालायला लागली की साधारण काही तासांत, फार तर एखाद्या दिवसात काम उरकतं. उरकल्यावर पोटाच्या मागच्या भागाची कातडी सैल पडते, कुशीला घड्या दिसतात. त्याऐवजी काही अंडी घालून मादी थांबली आणि शेपटीच्या अलीकडे एक-दोन ठळक गाठी तशाच दिसत राहिल्या, तर घड्याळ सुरू झालं असं समजा. शेवटच्या अंड्यानंतर 48 तास उलटले आणि गाठी तिथेच आहेत, तर ही मादी अडली आहे. एकही अंडं न येता ती पुन्हा पुन्हा अंग आवळून जोर लावत असेल, दोन्ही कुशी आत खेचल्या जात असतील, तर 48 तासही थांबायचं नाही. अवस्कराच्या (विष्ठा आणि अंडी जिथून बाहेर येतात त्या) तोंडातून लालसर मांसल भाग बाहेर आला असेल, रक्त किंवा घाण वासाचा स्राव येत असेल, मान टाकून पडली असेल, तर त्याच तासाला निघायचं. बाहेर आलेला भाग सुकू नये म्हणून स्वच्छ ओल्या कापडाने झाकायचा. आत ढकलायचा नाही.

ज्यांच्याकडे नोंदणी केलेला परदेशी साप आहे त्यांच्यासाठी एक जादा खूण. अंडी घालण्याआधी मादी एकदा कात टाकते. बॉल पायथनमध्ये त्यानंतर साधारण महिन्याभरात, कॉर्न स्नेकमध्ये साधारण आठ ते चौदा दिवसांत अंडी अपेक्षित असतात. कात टाकल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. तिथून मोजलेली मुदत उलटून गेली आणि काहीच हललं नाही तर पशुवैद्याला फोन करा.

आता तिसरा युक्तिवाद, आणि मला सर्वांत संताप आणणारा: ‘आम्हाला येतं काढायला.’ येतं म्हणजे काय, तर एकाने मान धरायची आणि दुसऱ्याने अंगठ्याने अंडं शेपटीकडे रेटायचं. वर खोबरेल तेल. गाय अडली तर गोठ्यातला अडाणी गडीही वासराचे पाय ओढायला धजत नाही, मालक मध्यरात्री डॉक्टरांना उठवतो. सापाच्या वाट्याला मात्र अंगठा. सापाला दोन अंडवाहिन्या असतात, दोन्ही लांबोळक्या, पातळ पडद्याच्या, अंगाच्या मागच्या भागात पसरलेल्या. उजवी डावीपेक्षा पुढून सुरू होते. चिकटलेल्या अंड्यावर अंगठा दाबला की अंडं सरकत नाही, त्याच्यामागची भिंत फाटते किंवा अंडवाहिनीच अंड्यासकट बाहेर लोळते. अंडं आतल्या आत फुटलं तर त्यातला बलक पोटाच्या पोकळीत पसरतो आणि तिथे दाह सुरू होतो. बाहेरून काहीच दिसत नाही. मादी दुसऱ्या दिवशी ‘शांत’ होते. ही शांतता बरी झाल्याची समजून तिला सोडून दिलं जातं.

याच्याही पुढची एक अक्कल दूधधंद्याच्या पट्ट्यात कानावर येते: पान्ह्याचं इंजेक्शन देऊन बघू. ऑक्सिटोसिन. म्हशीने पान्हा चोरला की गोठ्यात ते चोरून टोचलं जातं हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर इथे बोलत नाही. सापाबद्दल बोलतो. हे औषध पशुवैद्य सापासाठी वापरतात हे खरं, पण कासवांत त्याचा जसा गुण येतो तसा सापात येत नाही आणि उशीर झाला तर येतच नाही. शिवाय आधी अंड्याने वाट अडवलेली नाही याची खात्री करून घ्यावी लागते. वाट बंद असताना अंडवाहिनीला जोरात आकुंचन पावायला लावणं म्हणजे ती फाडायला लावणं. एक्स-रे किंवा सोनोग्राफी न करता, सापाचं वजन न करता, म्हशीच्या मापाच्या बाटलीतून अंदाजाने ओढलेलं औषध हा उपचार नव्हे.

दवाखान्यात काय करतात? आधी काहीच भयंकर करत नाहीत. ऊब देतात, पाणी देतात, गरज असेल तर कातडीखालून किंवा पोटाच्या पोकळीत द्रव देतात, अंधाऱ्या दमट पेटीत निवांत ठेवतात. बऱ्याच माद्यांचं एवढ्यावर भागतं. नाही भागलं तर साप भुलीखाली घेतात. शेपटीकडच्या अडलेल्या अंड्याच्या जागी पोटाच्या बाजूने, दोन खवल्यांच्या मधून, निर्जंतुक सुई अंड्यात घालून आतला द्रव ओढून घेतात. अंडं फुग्यातली हवा जावी तसं बसतं आणि एक तर मादी ते स्वतः टाकते, नाही तर डॉक्टर हळूच काढतात. इथेही वेळेचाच प्रश्न आहे. दिवस गेले की आतला द्रव घट्ट होतो, सुईतून येत नाही. मग शस्त्रक्रिया उरते, आणि सापाची अंडवाहिनी लांब असल्यामुळे अंडी चार ठिकाणी अडली असतील तर कधी कधी एकापेक्षा जास्त ठिकाणी चीर द्यावी लागते. पहिल्या दोन दिवसांत ज्याचं काम सलाईन आणि सुईवर भागलं असतं, ते आठव्या दिवशी चाकूवर येतं. ही सुई घरी टोचून बघण्याचा मोह कोणाला झाला तर सांगतो, सुई अंडवाहिनीच्या भिंतीतून गेलेली असते, आणि भूल न दिलेला साप त्या क्षणी पीळ मारतो.

जाता जाता, घोणस आणि फुरसं अंडी घालतच नाहीत, थेट पिल्लं देतात, मांडूळही तसंच. पिल्लंही अडतात. घोणशीच्या बाबतीत अंगठ्याचे प्रयोग करणाऱ्याला सल्ला देण्याचीही माझी इच्छा नाही, त्याच्या घरच्यांना देईन.

चौथा युक्तिवाद निम्मा खरा आहे, म्हणून तो निम्मा मान्य करतो: सरकारी दवाखान्यातले डॉक्टर सापाला हात लावत नाहीत. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गायी-म्हशींची रांग असते, विषारी सापाला भूल देण्याची सोय नसते, आणि साप धरणार कोण हा प्रश्न असतो. पदवीच्या अभ्यासक्रमात वन्यप्राण्यांचा भाग असतो, पण नोकरी सगळी दुभत्या जनावरांत जाते. त्यांनी नाही म्हटलं तर तो त्यांचा प्रामाणिकपणा समजावा. पण म्हणून बरणी घेऊन घरी जायचं, हे त्यातून निघत नाही. वनखात्याचा 1926 हा क्रमांक आहे. पुण्याला बावधनमध्ये वनखात्याचं वन्यप्राणी उपचार केंद्र आहे, तिथे अशाच प्राण्यांवर उपचार होतात. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. दौंडमार्गे पुणं गाठायला काही तास लागतात, आणि तातडीची लक्षणं नसतील तर आपल्या हातात तेवढा वेळ असतो. साप न्यायचा तर तो कापडी पिशवीत, पिशवी भोकं पाडलेल्या डब्यात, डबा गाडीत सावलीला. दुचाकीच्या डिकीत नाही. पकडल्याची तारीख, पहिल्या आणि शेवटच्या अंड्याची वेळ, अंड्यांची संख्या हे कागदावर लिहून न्यायचं. डॉक्टरांना स्टेटसच्या फोटोपेक्षा या कागदाचा उपयोग जास्त.

शेवटचा युक्तिवाद रागाने येतो: असं बोलाल तर उद्या कोणी साप पकडायला जाणार नाही, लोक मारून टाकतील. पण मी काम वाढवायला सांगत नाही, कमीच करायला सांगतोय. फोन आला, साप धरला, वनखात्याला कळवलं, त्याच शिवारात माणसांच्या वावरापासून बाजूला, बिळं आणि झुडपं आहेत अशा बांधावर त्याच दिवशी सोडला. मादीच्या मागच्या अंगात गाठींची रांग दिसली तर तिला सोडायची घाई आणखी जास्त. पाहुण्यांना दाखवायचं नाही, अंडी होईपर्यंत थांबायचं नाही. थांबवायची ती फक्त जोर लावूनही मोकळी न होणारी, गाठी घेऊन राहिलेली किंवा जखमी मादी, आणि तिलाही उपचारासाठीच. त्यासाठी पुण्याला जायचा खर्च कोणी करायचा, ही तक्रार मात्र रास्त आहे. 2025 मध्ये राज्य सरकारने सर्पमित्रांना ओळखपत्र आणि 10 लाखांचा अपघात विमा देण्याची घोषणा केली. त्यासाठी जो अर्ज कराल त्यातच जखमी आणि अडलेले साप उपचाराला नेण्याचा प्रवासखर्चही मागा. त्या अर्जावर सही करायला मी येतो.